सेपियातलं धुकं आणि पाठमोरा माणूस

कास्पर डेव्हिड फ्रीडरिख (१७७४–१८४०) हा जर्मन चित्रकार तेलरंगांच्या आधी सेपिया या गडद तपकिरी रंगातल्या एकरंगी निसर्गचित्रांनी नावारूपाला आला. हे तंत्र शिकायला पेन्सिल आणि एकच रंग पुरतो, पण घाई अजिबात चालत नाही.

३०० जीएसएमचा, म्हणजे जाडजूड, गुळगुळीत ए४ कागद आडवा धरून चारही कडा टेपने बोर्डला चिकटवा. २एच या कडक, फिकट उठणाऱ्या पेन्सिलीने, दाब न देता, क्षितिज खालच्या पाव भागात आखा. पुढे एक खडक, मागे डोंगरांच्या दोन-तीन रांगा, बस्स. फ्रीडरिखनेही ‘समुद्राकाठचा भिक्षू’ रंगवताना आधी जहाजं रेखाटली होती, मग काढून टाकली. काय गाळायचं ते पेन्सिलीतच ठरवा. नंतर खोडरबर घासलात तर कागदाचा पृष्ठभाग फुलतो आणि तिथे रंग डागासारखा शोषला जातो.

वाटाण्याएवढा सेपिया दोन चमचे पाण्यात कालवा. त्यातला अर्धा चमचा दुसऱ्या वाटीत काढून तीन चमचे पाणी घाला. या फिक्या पाण्यानेच सुरुवात. बोर्डच्या वरच्या कडेखाली पुस्तक सरकवा, आकाश स्वच्छ पाण्याने ओलं करा आणि रंग वरून खाली विरत न्या.

आता थांबा. बोटांची मागची बाजू कागदाला लावून बघा: गार लागला तर तो अजून ओला आहे. कोकणातल्या पावसाळ्यात तर तो फार वेळ गारच राहतो. अर्धवट वाळलेल्या थरात पाणी शिरलं की ते रंगकण कडेला ढकलतं आणि फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा डाग उमटतो. तो पुसायला गेलात तर वाढतो.

डोंगर मागून पुढे रंगवा, प्रत्येक रांग आधीच्यापेक्षा थोडी गडद. वरची कड स्पष्ट ठेवा, खालची ओल्या ब्रशने विरवून कोऱ्या कागदात सोडा. हाच पांढरा पट्टा म्हणजे धुकं. तो भरून टाकलात तर डोंगर खडकाला येऊन चिकटतात आणि सगळी खोली जाते.

माणूस शेवटी, सर्वांत गडद रंगात, सर्वांत उजळ जागेसमोर. उंची दीड सेंटीमीटर, डोकं जेमतेम २ मिलिमीटर. मोठं झालं तर तो लहान मूल वाटतो. तो पाठमोराच हवा. चेहरा दिसला की नजर त्याच्यावर अडते. पाठ दिसली की बघणारा त्याच्या जागी उभा राहून पुढचं धुकं बघतो. पाय खडकाच्या गडद रंगात मिसळू द्या, नाहीतर तो तरंगतो.