डोक्या-मानेला लाईट चालू असताना डोळे कसे सांभाळायचे, आमच्या घरच्या अनुभवावरून

सासऱ्यांना गालाच्या हाडातल्या सायनसचा कॅन्सर निघाला, ऑपरेशन झालं आणि मग सहा आठवडे, सोमवार ते शुक्रवार, ऐरोलीहून पनवेल ट्रेन पकडून खारघरला लाईट घ्यायला जायचो (रेडिएशनला आपल्याकडे सगळे लाईट नाहीतर शेकच म्हणतात). तोंड सुकणार, चव जाणार हे माहीत होतं, डोळ्यांचा विचार कोणाच्या डोक्यात पण नव्हता.

आधी एक समजून घ्या, प्रत्येकाला डोळ्याचा त्रास होतोच असं नाही. जीभ, खालचा जबडा, घशाची खालची बाजू असेल तर डोळा बराच लांब राहतो. सायनस, नाकाची पोकळी, नाकाच्या मागचा घसा, डोळ्याजवळची त्वचा असेल तर मात्र प्लॅनिंगच्या आधीच डॉक्टरांना सरळ विचारा, डोळ्याला किती डोस जाणारे? गाठीला साधारण ६० ते ७० ग्रे (रेडिएशनचा डोस मोजायचं एकक) देतात आणि डोळ्याच्या नसेला ५४-५५ च्या आत ठेवायला बघतात, लेन्सला तर त्याच्या कितीतरी कमी डोसमध्ये मोतीबिंदू होऊ शकतो. तो जाळीचा मास्क चेहऱ्यावर घट्ट बसवतात ना, तो यासाठीच, डोकं जरा पण हलायला नको. कोणाला प्रोटॉनचा (वेगळ्या प्रकारच्या लाईटचा) सल्ला मिळाला तर खारघरच्या अ‍ॅक्ट्रेकमध्ये (टाटा मेमोरियलचं सेंटर) २०२३ पासून ती सोय आहे, पण ती लागते की नाही हे डॉक्टरच ठरवणार.

लाईट सुरू व्हायच्या आधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे एकदा पूर्ण तपासणी करून घ्या, नंबर, प्रेशर, मागचा पडदा, सगळं, आणि तो कागद कॅन्सरच्या फाईलमध्येच लावा. नंतर काही बिघडलं तर आधी काय होतं ते कळायला तोच कागद लागतो. शुगर असेल तर ती आवळून धरा कारण डायबेटिसवाल्यांच्या पडद्याला रेडिएशनचा धोका जास्त.

आता आमची चूक. तिसऱ्या आठवड्यात बाबांच्या एका डोळ्यातून सारखं पाणी यायला लागलं, आम्ही म्हटलं डोळा ओला आहे म्हणजे बरंच आहे, वरून आत्याबाईंनी गुलाबपाणी घातलं आणि रात्रभर डोळा लालबुंद. डॉक्टर म्हणाले डोळा कोरडा पडलाय म्हणूनच पाणी येतंय. पापणीच्या वरच्या बाजूला जी अश्रूंची ग्रंथी असते तिला लाईट लागली की नीट अश्रू बनत नाहीत, मग डोळा खुपतो आणि खुपला की नुसतं पाणी सोडतो, त्या पाण्याने काही ओलावा टिकत नाही. कधी कधी अश्रू नाकात उतरायची नळी आकसते, तेव्हा पण पाणी गालावर येतं. म्हणून पाणी येतंय एवढ्यावरून घरी काही ठरवू नका, दाखवा.

गुलाबपाणी, मध, तूप, काजळ, सगळं बंद. प्रिझर्वेटिव्ह नसलेले अश्रूंचे ड्रॉप घ्या, आम्हाला दिवसातून सहा वेळा सांगितले होते आणि झोपताना जेल. दोन वेगवेगळे ड्रॉप असतील तर मध्ये ५-१० मिनिटं जाऊ द्या. बाटली फोडली की तारीख पेनने लिहून ठेवा. आणि मेडिकलवाल्याने दिलेला लाल डोळ्याचा ड्रॉप अजिबात नको, त्यात स्टेरॉईड असू शकतं. कॉन्टॅक्ट लेन्स बंद, पंखा तोंडावर नको, ठाणे-बेलापूर रोडवर रिक्षाने जाताना गॉगल पाहिजेच, ट्रकची धूळ काय असते ते तुम्हाला माहितीये. पापण्यांचे केस गळतात, बरेचदा परत येतात.

लाईट संपली की सगळे सुटलो म्हणतात पण डोळ्याचे मोठे त्रास नंतरच येतात, महिन्यांनी, कधी दोन-तीन वर्षांनी. मोतीबिंदू त्यातला बरा, ऑपरेशन होतं, फक्त सर्जनला रेडिएशन झालंय हे सांगा. पडदा खराब झाला तर डोळ्यात इंजेक्शन, लेझर करतात. नसेचं वाईट, दुखत काहीच नाही आणि नजर जाते, खात्रीचा इलाज नाही.

म्हणून आम्ही भिंतीवरच्या कालनिर्णयवर रोज सकाळी एक डोळा झाकून तारखा वाचायला लावतो, मग दुसरा. दोन्ही उघडे ठेवून बघितलं तर चांगला डोळा वाईटाचं झाकून घेतो. वर्ष बदललं तरी खिळा तोच ठेवा, अंतर तेच राहतं. अंधुक, वाकडं, काळे डाग, उजेड सहन न होणं, दुखणं, बुबुळावर पांढरा ठिपका, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर, पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही.

काही नसलं तरी डॉक्टर सांगतील तसं, आमचं सहा महिन्यांनी असतं, पडदा तपासायला जायचं. बाहुली मोठी करायचे ड्रॉप घालतात, काही तास जवळचं दिसत नाही, म्हणून बाबांना स्कूटर घेऊन एकटं पाठवत नाही, ते रागावतात ते वेगळं.