घरच्या सुतारकामात या चुका टाळा : नागपूरचे ऊन, पावसाळा आणि लाकूड

हौसेने सुतारकाम करणाऱ्यांच्या तक्रारी बहुधा हत्यारांविषयी असतात. सांधा जुळत नाही, टेबलाची फळी तडकली, ड्रॉवर अडकतो. नागपुरात मात्र यांपैकी बहुतेक तक्रारींचे मूळ हत्यारात नसून लाकडातील ओलाव्यात असते. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असताना दुपारची सापेक्ष आर्द्रता अनेकदा २० टक्क्यांच्याही खाली जाते आणि जुलै-ऑगस्टमध्ये हीच आर्द्रता ८० टक्के ओलांडते. या बदलात लाकूड लांबीला जवळजवळ हलत नाही, रुंदीला मात्र आकसते आणि फुगते. सागाच्या ज्या फळीच्या रुंद बाजूवर कमानीसारख्या रेषा दिसतात, तिची रुंदी ओलावा एका टक्क्याने बदलला की साधारण ०.२ टक्क्यांनी बदलते; म्हणजे ४०० मिलिमीटर रुंद फळीतील ओलावा आठ टक्क्यांनी बदलल्यास सुमारे ६ मिलिमीटरचा फरक पडतो. एवढ्या फरकापुढे उत्तम सांधाही टिकत नाही.

पहिली चूक लाकूड घरी आणल्याबरोबरच होते. लकडगंजातील आरामशीनवरून चिरून आणलेली फळी त्याच रविवारी कापायला घेऊ नये, आणि ती गच्चीवरच्या टिनाच्या शेडमध्ये भिंतीला टेकवूनही ठेवू नये, कारण एका बाजूने तापलेली फळी हमखास वाकते. फळ्यांच्या मध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या ठेवून त्या सावलीत आडव्या रचाव्यात आणि त्यांतील एका फळीचे वजन दर आठवड्याला करून लिहून ठेवावे. वजन घटायचे थांबले की लाकूड कामाला तयार झाले असे समजावे. उन्हाळ्यात आणखी एक गोष्ट पाहावी लागते. कूलरच्या वाऱ्यात ठेवलेली फळी ओलावा शोषत राहते आणि तीच गच्चीवर नेली की भराभर वाळते, त्यामुळे जेथे वस्तू वापरायची त्याच खोलीतल्या हवेत, पण कूलरच्या थेट झोतापासून दूर, लाकूड काही दिवस राहू द्यावे.

टेबलाची अखंड लाकडी फळी चौकटीला चारही बाजूंनी स्क्रूने घट्ट आवळणे ही दुसरी चूक. फळीला आकसायला वाव न मिळाल्याने नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, येईतो ती मधोमध तडकते. मधला स्क्रू पक्का ठेवून कडेच्या स्क्रूंसाठी फळीच्या रुंदीच्या दिशेने लांबट भोके पाडली, की फळी हलते आणि चौकट शाबूत राहते. प्लायवूडला हा नियम फारसा लागू नाही.

ऑगस्टमध्ये अडकलेला ड्रॉवर लगेच रंध्याने तासणारे पुष्कळ असतात. त्याची फळी दिवाळीनंतर पुन्हा आकसते आणि मेमध्ये ड्रॉवर खुळखुळू लागतो. पावसाळ्यात कडांवर मेण घासून काम भागवावे. तरीही अडकत असेल तर फळी कोरड्या दिवसांत पुन्हा मोजावी आणि मगच तासावी. नवा ड्रॉवर मे महिन्यात बनवत असाल तर फट आधीच मोठी ठेवा, पावसाळ्यात बनवत असाल तर लहान चालेल.

सांधा काटकोनात बसत नसेल तर स्वतःच्या हाताला दोष देण्याआधी गुण्या, म्हणजे काटकोन मापायचे हत्यार, तपासावा. प्लायवूडच्या कारखान्यात कापलेल्या सरळ कडेला गुण्या टेकवून पेन्सिलीने रेघ ओढावी, मग तो उलटा करून त्याच बिंदूपासून दुसरी रेघ ओढावी. दोन्ही रेघा एकमेकींवर पडल्या तर गुण्या बरोबर. त्या वर जाताना फाकल्या तर फाकलेल्या अंतराच्या निम्मी चूक गुण्यात आहे.

पांढऱ्या गोंदाची गंमत वेगळी. दुपारच्या उन्हात त्यातले पाणी इतक्या लवकर उडते, की दुसरा तुकडा बसवेपर्यंत वर पापुद्रा धरतो. चिकटवण्याचे काम सकाळी लवकर करावे, क्लॅम्प आधीच मापाला लावून हाताशी ठेवावेत आणि बाहेर आलेला गोंद ओल्या फडक्याने नीट पुसावा, नाहीतर पॉलिश त्या डागावर चढत नाही.

एका चुकीला मात्र कोणतीही सबब चालणार नाही. ग्राइंडरचे गार्ड काढून त्यावर लाकूड कापायचे दातेरी पाते लावणे ही आत्मघातकी काटकसर आहे. चार इंची ग्राइंडर मिनिटाला सुमारे ११,००० फेरे घेतो, आणि पाते अडकले की तो हातातून उसळून अंगावर येतो. त्या कामाला सर्क्युलर सॉ किंवा साधी हातकरवत वापरावी. कोणत्याही फिरत्या पात्याजवळ हातमोजे घालू नयेत. सागाचा बारीक भुसा उडत असताना एन-९५ मास्क मात्र जरूर लावावा.

शेवटी पॉलिश. पावसाळ्यात लाखेच्या पॉलिशवर पांढरट धुके दिसले तर लाख खराब आहे असे नव्हे. लाख ज्यात विरघळवलेली असते ते स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार होतो आणि हवेतली वाफ त्यावर बसते. उघडीप पडल्यावर दुपारी, स्पिरिटमध्ये किंचित भिजवलेली कापडी पुरचुंडी हलक्या हाताने त्यावरून फिरवली, की बहुतेक वेळा धुके निघून जाते.