सीएमएलमध्ये गोळी लागू पडेनाशी झाली तर काय करावे

सीएमएल या रक्ताच्या कर्करोगावर इमॅटिनिबची गोळी सुरू असतानाही पांढऱ्या पेशी वाढू लागल्या आणि डाव्या बरगडीखाली पाणथरी (प्लीहा) पुन्हा हाताला लागू लागली, की औषध बाद झाले असे घरात ठरून जाते. परंतु रोगाने औषधाला दाद न देणे वेगळे आणि औषध रक्तात पुरेसे न पोहोचणे वेगळे. यांपैकी काय घडले आहे, हे आधी शोधावे.

त्यासाठी मागील तीन महिन्यांची भरलेली व रिकामी सर्व पाकिटे खाटेवर मांडून कॅलेंडरशी ताडून पाहावीत. अशा एका मोजणीत कापूस वेचणीच्या महिन्यातील अकरा गोळ्या तशाच राहिलेल्या मी पाहिल्या आहेत. पहाटे उपाशीपोटी गोळी घेतली की त्या ताईंना मळमळत असे, म्हणून त्या ती संध्याकाळवर ढकलत आणि संध्याकाळी थकून झोपी जात. डॉक्टरांनी रात्रीच्या जेवणासोबत, पेलाभर पाण्याबरोबर गोळी घेण्यास सांगितल्यावर त्यांचा खंड थांबला. त्यांना रागावून काहीच साधले नसते. लंडनमधील ८७ रुग्णांच्या, २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ९० टक्क्यांहून अधिक गोळ्या नियमित घेणाऱ्यांपैकी सुमारे ९५ टक्क्यांना सहा वर्षांत उत्तम आण्विक प्रतिसाद मिळाला, म्हणजे रक्तातील रोगाच्या जनुकाचे प्रमाण अगदी कमी झाले; त्याहून कमी घेणाऱ्यांत हे प्रमाण केवळ २८ टक्के होते.

क्षयरोगावरील रिफॅम्पिसिन आणि फिट्सवरील फेनिटॉइन किंवा कार्बामॅझेपिन यांमुळे इमॅटिनिबचे रक्तातील प्रमाण घटते. म्हणून घरातील प्रत्येक औषध, वैदूने दिलेला काढासुद्धा, पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवावा. गोळ्या ३० अंशांखाली ठेवायच्या असल्याने वैशाखात टिनाच्या छपराखालील फळी त्यांच्यासाठी योग्य नाही. आतल्या खोलीतील थंड, कोरडा कोपरा बरा.

गोळ्या नियमित असूनही बीसीआर-एबीएलचे, म्हणजे या रोगाला कारण असलेल्या जनुकाचे, प्रमाण वाढत असेल, तर म्युटेशन (त्या जनुकातील बदल) तपासणीचा आग्रह धरावा. हा नमुना शक्यतो चालू गोळी बंद करण्यापूर्वीच द्यावा, कारण औषध थांबल्यावर बदललेल्या पेशी इतरांच्या गर्दीत दडून राहू शकतात. अहवालात बदलाचे नाव असते आणि त्यावरून पुढचे औषध ठरते: वाय२५३एच आढळल्यास नायलोटिनिबऐवजी डासाटिनिबचा विचार होतो, तर एफ३१७एल असल्यास नायलोटिनिबचा. टी३१५आय असल्यास ही दोन्ही औषधे आणि बोसुटिनिबही निरुपयोगी ठरतात. तेथे पोनॅटिनिब उपयोगी पडते, मात्र त्याने रक्तवाहिन्यांत गुठळी होण्याचा धोका असल्याने रक्तदाब, साखर आणि हृदय यांची तपासणी आधी करून घ्यावी. डासाटिनिब घेताना धाप लागल्यास छातीत पाणी झाले आहे का, हे पाहावे लागते, आणि आम्लपित्ताची गोळी त्यासोबत विचारल्याशिवाय घेऊ नये. नायलोटिनिब मात्र उपाशीपोटीच घ्यायचे असते: आधी दोन तास आणि नंतर एक तास काही खाऊ नये.

रोग वेगवान किंवा ब्लास्ट (अपक्व पेशी फार वाढलेल्या, शेवटच्या) अवस्थेत गेला असेल, तर केवळ गोळी बदलून मिळालेला आराम बहुधा टिकत नाही. ब्लास्ट अवस्थेत अनेकदा केमोथेरपी आणि नवी गोळी एकत्र देऊन रोग पुन्हा आटोक्यात आणतात आणि तेवढ्या मुदतीत अस्थिमज्जा प्रत्यारोपणाची तयारी करतात. सख्खे भाऊ-बहीण दाते म्हणून जुळण्याची शक्यता प्रत्येकी चारात एक असते, आणि कोणीच जुळले नाही तर अर्धे जुळणारे आई-वडील किंवा मुलेही दाते होऊ शकतात. म्हणून नागपूर किंवा सेवाग्रामला पहिल्याच खेपेस शक्य तेवढ्या भावंडांना सोबत न्यावे; वेगवेगळ्या फेऱ्यांत एसटीचे भाडे आणि मजुरीचे दिवस जातात, आणि या अवस्थेत आठवडेही मोलाचे असतात. शिधापत्रिका व आधार कार्ड जवळ ठेवून महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राकडे (रुग्णालयातील योजनेच्या मदतनिसाकडे) योजनेत कोणते उपचार बसतात, याची चौकशी त्याच दिवशी करावी.

या काळात ताप आला, हिरड्यांतून रक्त आले किंवा अंगावर निळे-जांभळे डाग उठले, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे, आणि तापासाठी मेडिकलमधून अ‍ॅस्पिरिन आणून देऊ नये.