बटाट्याच्या स्टार्चपासून विघटनशील फिल्म

माळव्याच्या बटाट्याला चिप्सवाल्यांची मागणी असते, ती त्यात साखर कमी आणि घन अंश जास्त असल्यामुळे. हा घन अंश बहुतांशी स्टार्चच असल्याने, घरी वनस्पतिजन्य पॉलिमर (लांब साखळीसारख्या रेणूंचा पदार्थ) वापरून प्लास्टिकसारखा पातळ पापुद्रा, म्हणजे फिल्म, करून पाहणाऱ्या इंदूरकराला तो सोयीचा आहे.

एक किलो बटाटे किसून, भरपूर पाण्यात कालवून फडक्यातून पिळावेत. गढूळ पाणी अर्धा तास न हलवता ठेवले की तळाशी पांढरा साका बसतो. तो दोन-तीनदा धुऊन पूर्ण वाळवावा.

१० ग्रॅम कोरडा स्टार्च, १०० मिलिलिटर पाणी, ४ ग्रॅम ग्लिसरीन आणि चहाचा एक चमचा पांढरे व्हिनेगर थंड असतानाच एकत्र करून गाठी मोडाव्यात आणि मगच पातेले मंद आचेवर ठेवावे. ६० अंश सेल्सिअस ओलांडल्यावर स्टार्चचे कण पाणी शोषून फुगतात, दुधाळ मिश्रण पारदर्शक होऊ लागते आणि पळी जड लागते. कुरडयांचा चीक शिजवलेल्या हाताला हा टप्पा सांगावा लागत नाही. त्यानंतरही पाचेक मिनिटे सतत ढवळावे, पण खळखळून उकळू देऊ नये, कारण आत अडकलेले बुडबुडे वाळल्यावर भोके होऊन उरतात.

खरी मेख ग्लिसरीनच्या प्रमाणात आहे. स्टार्च हा मुळातच ग्लुकोजच्या साखळ्यांचा पॉलिमर असून, नुसत्या पाण्यात शिजवलेली खळ वाळताना या साखळ्या एकमेकींना घट्ट धरतात व थर तडकतो. ग्लिसरीन त्यांच्यामध्ये शिरून ही पकड सैल करते. मात्र ते हवेतला ओलावाही ओढते, म्हणून पावसाळ्यात ३ ग्रॅम पुरे, अन्यथा फिल्म बोटांना चिकटते.

मिश्रण सपाट काचेवर किंवा स्टीलच्या ताटात दोन मिलिमीटर जाडीने पसरून सावलीत एक-दोन दिवस वाळू द्यावे. मे महिन्यात गच्चीवर उन्हात ठेवण्याचा मोह होतो, पण तिथे कडा आधी वाळून वर वळतात आणि मधला भाग फाटतो.

तयार फिल्म पाण्यात विरघळली नाही तरी फुगून लिबलिबीत होते, त्यामुळे भाजीची पिशवी करण्याच्या भानगडीत पडू नये. बिया चिकटवून थेट मातीत पेरायच्या पट्ट्या किंवा कोरड्या वस्तूंची वेष्टणे यांसाठी ती योग्य आहे. वापरून झाल्यावर तिचे तुकडे ओल्या कचऱ्यात किंवा कुंडीतल्या खतात टाकावेत, प्लास्टिक कचऱ्याच्या डब्यात नव्हे.