ट्रेलरमध्ये गॅसचा वास आला, तर हात आधी आवरा

गाडीमागे जोडून न्यायचं छोटं घर, म्हणजे आमचा ट्रेलर. त्यातला गॅसचा अलार्म रात्री अडीचला वाजला, तेव्हा मला सर्दी झाली होती आणि नवऱ्यालाही कसलाच वास येत नव्हता. मी धडपडत उठले आणि माझा हात सवयीने दिव्याच्या बटणाकडे गेला. त्याने माझं मनगट धरलं. बोलला काही नाही, नुसतं घट्ट धरून ठेवलं. काय करायचं ते मला त्या दिवशीही ठाऊक होतं. पण झोपेतून दचकून उठलेला हात कुणाला विचारत नाही, म्हणून हे लिहिते आहे.

बटण चालू करा नाहीतर बंद, आत बारीक ठिणगी पडतेच. हवेत प्रोपेन, म्हणजे आपल्या सिलिंडरमधला गॅस, साधारण 2 ते साडेनऊ टक्के असेल, तर तेवढी ठिणगी पुरते. दिवा लागलेला असेल तर तसाच राहू द्या, नसेल तर अंधारातच निघा. छतावरच्या पंख्याचा मोह सगळ्यात जास्त होतो, कारण वास घालवायची तीच सवय असते. तो लावायचा नाही. पाण्याचा पंप, मोबाइल, टॉर्च, ट्रेलर ओढणाऱ्या गाडीची किल्ली, यातलं काहीच आत असताना वापरायचं नाही. शेगडी पेटलेली असेल आणि वाटेतच असेल, तर तेवढी बंद करा.

घरातल्या सगळ्यांना उठवा, कुत्रा-मांजर असेल तर उचला आणि बाहेर पडा. दार सताड उघडं सोडा. प्रोपेन हवेपेक्षा जवळपास दीडपट जड असतो, तो जमिनीलगत साचतो आणि दाराच्या उंबऱ्यावरूनच बाहेर वाहतो. वाटेतली एखादी खिडकी ढकलता आली तर ढकला, पण खिडक्यांसाठी आत रेंगाळू नका. खोली गरम करणारी भट्टी थर्मोस्टॅटवर चालते. थंडी वाढली की ती आपली आपण ठिणगी टाकते, तुम्ही बटणाला बोट लावलं नाही तरी.

बाहेरची विजेची जोडणीही उपटू नका. हे मला फार उशिरा कळलं. प्लग ओढताना ठिणगी पडते, शिवाय फ्रिज ‘ऑटो’वर असेल तर वीज गेल्याबरोबर तो गॅसवर जातो आणि स्वतःचा बर्नर पेटवायला लागतो.

आता सिलिंडर. ट्रेलरच्या पुढच्या दांड्यावर बहुधा दोन असतात, आणि एक संपला की रेग्युलेटर आपोआप दुसऱ्याकडे वळतो. म्हणून एकच कॉक बंद करून समाधान मानू नका, दुसरा गॅस देतच राहतो. दोन्ही कॉक घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, घट्ट होईपर्यंत फिरवा. मोटरहोमला, म्हणजे इंजिनासकट एकाच गाडीत असलेल्या घराला, सहसा खाली बसवलेली एकच टाकी असते, तिचा कॉक कुठल्या झाकणामागे आहे ते आजच बघून ठेवा. मात्र सिलिंडरपाशीच फुसफुस ऐकू येत असेल किंवा वास तिथेच उग्र असेल, तर कॉकच्या नादी लागू नका, लांब जा.

लांब म्हणजे वारा जिकडून येतो तिकडे, आणि खोलगट जागा टाळून. तिथे पोचल्यावर मोबाइल काढा आणि अग्निशमन दलाला कळवा. आपल्या बाजूला मुक्कामाला असलेल्यांनाही हाक मारून उठवा. आत राहिलेलं पाकीट, औषधं, काहीही असो, परत जायचं नाही.

वास नाही म्हणजे गळती नाही, असं समजू नका. प्रोपेनला स्वतःचा वास नसतो. सडक्या अंड्यासारखा किंवा कुजक्या कोबीसारखा जो वास येतो तो त्यात मुद्दाम मिसळलेल्या इथिल मरकॅप्टनचा. नाक चोंदलेलं असलं तर तो जाणवत नाही, आणि तोच वास थोडा वेळ घेत राहिलं तरी नाक त्याला सरावतं. उलटही होतं. जास्त चार्ज झालेल्या लेड-ॲसिड बॅटरीलाही सडक्या अंड्याचा वास येतो, केसांच्या स्प्रेने अलार्म वाजतो. पण ही कारणं बाहेर उभं राहून शोधायची. आत बसून अंदाज बांधायचा नाही.

आमच्याकडे शेगडीमागच्या नळीचा पितळी नट रस्त्याच्या हादऱ्यांनी सैल झाला होता. अग्निशमन दलाने आत जायला हरकत नाही म्हटल्यावरही आम्ही कॉक उघडला नाही. दुसऱ्या दिवशी गॅसचं काम करणारा माणूस आला, त्याने लाइनवर दाब धरून तो उतरतो का ते पाहिलं आणि मग जोड शोधला. नटावर टेप गुंडाळून देऊ का, असं मी विचारलं होतं. तो नाही म्हणाला. पसरट तोंडाचा जोड धातूवर धातू दाबूनच बंद होतो, टेपने तो नीट बसत नाही.

मी स्वतः करते ते एवढंच. सिलिंडर बदलला की बाहेरच्या जोडांवर साबणाचं पाणी लावते. बुडबुडे फुगले तर कॉक बंद. अमोनिया असलेला साबण वापरत नाही, त्याने पितळ खराब होतं. काडी पेटवून तपासणं कुणी सुचवलं, तर त्याला सिलिंडरजवळ उभंही राहू देऊ नका. कॉक नेहमी सावकाश उघडते. झटक्याने उघडला तर सुरक्षेचा व्हॉल्व्ह गळती समजून प्रवाह अडवतो.

अलार्म फ्रिजशेजारी, जमिनीपासून वीतभर उंचीवर आहे. त्याच्या मागच्या बाजूला मुदत छापलेली असते. ती संपली की दिवा हिरवा दिसत असला तरी तो बदलायचा. त्याच्यासमोर चपला किंवा पिशव्या आम्ही आता ठेवत नाही.

आणि नव्या जागी पोचलो की पहिल्या रात्री दिवे मालवून एकदा सराव करतो. नवरा झोपल्या जागेवरून “अलार्म” म्हणतो. मी उठते, बटणं ज्या भिंतीवर आहेत तिला पाठ करते, उजव्या हाताने ओट्याची कड धरते आणि दारापर्यंत जाते. मग तो माझ्यामागून येतो, आणि बाहेर जाऊन दोघं एकेका कॉकवर हात ठेवतो.