बंड्याची फाइल टेम्पोत राहिली तेव्हा

कोथरूडमधलंच घर बदललं, तेवढ्यात बंड्याची निळी फाइल गेली. बंड्या म्हणजे आमचा लॅब्रॅडॉर, वय सात. आठवडाभर खोकी उपसून शेवटी कागद नव्याने काढले.

आधी गेलंय काय ते नीट ठरवा. महापालिकेचा परवाना वेगळा आणि केनेल क्लब ऑफ इंडियाचं, म्हणजे केसीआयचं, प्रमाणपत्र वेगळं. परवाना रस्त्यावरून उचलून आणलेल्या गावठी कुत्र्यालाही लागतो. केसीआयच्या कागदावर वंशावळ असते.

दोन्हीच्या आधी डॉक्टरांकडे जा. त्यांच्या नोंदींवरून लसीकरणाचं पुस्तक नव्याने भरून, सही-शिक्क्यासकट घ्या. रेबीजची लस वर्षाच्या वर गेली असेल तर तिथेच टोचून घ्या. चिप बसवलेली असेल तर स्कॅन करायला सांगा. ती खांद्यांच्या मधोमध कातडीखाली असते, नंबर पंधरा आकडी. हाताने लिहू नका, स्कॅनरच्या पडद्याचा फोटो काढा. मी लिहिला आणि घरी येऊन मोजले तर चौदाच आकडे.

परवान्याचं फार अवघड नाही. रेबीजचा दाखला, राहण्याचा पुरावा, कुत्र्याचा फोटो. आमचा पत्ताच बदलला होता, त्यामुळे जुन्याची नक्कल मागत बसण्यापेक्षा नवा काढला.

खरी मेख केसीआयची. कागद हरवल्याची नोंद पोलिसांच्या संकेतस्थळावर 'लॉस्ट अँड फाउंड'मध्ये होते, त्याची प्रत ठेवा. मग दुय्यम प्रमाणपत्रासाठी चेन्नईच्या मुख्यालयाकडे अर्ज. तिथे 'बंड्या' कुणाला ठाऊक नसतो. त्याचं कागदावरचं लांबलचक नाव आणि नोंदणी क्रमांक लागतो. मला दोन्ही सापडलं ते ब्रीडरने सात वर्षांपूर्वी पाठवलेल्या व्हॉट्सअ‍ॅप फोटोत.

आणि तिथेच कळलं, मालक म्हणून नाव अजून ब्रीडरचंच! पिल्लू घरी आणलं, पेढे वाटले, पण मालकी नावावर करायची राहूनच गेली होती. अशा वेळी अर्ज नोंदीतल्या मालकानेच करायचा असतो. ब्रीडरला फोन करा, गोड बोला, नक्कल आणि नाव बदलणं दोन्ही कामं एका दमात उरका. दरम्यान कुणी 'दोन दिवसांत पेपर्स देतो' म्हणालं तर फोन ठेवून द्या. दुसऱ्याच कुत्र्याचा कागद गळ्यात मारतील आणि चिपचा नंबर जुळणार नाही.

चिपचा नंबर आता मोठ्या अक्षरांत फ्रिजवर लावलाय. सासूबाई तो गॅसचा ग्राहक क्रमांक समजून एकदा सिलिंडर बुक करायला बसल्या होत्या.