बोटीवरचा शॉवर पंप सारखा टकटक करतोय?

नळ, शॉवर सगळं बंद आहे तरी पंप दर थोड्या वेळाने टर्र करून चालू होतो, म्हणजे प्रेशर कुठेतरी सुटतंय. लगेच नवीन पंप आणायला धावू नका. पंपाच्या पुढे व्हॉल्व्ह असेल तर तो बंद करा, तरीही पंप चालू-बंद होत राहिला तर पंपाच्या आतल्या व्हॉल्व्हमधून पाणी मागे टाकीत जातंय, आणि थांबला तर गळती पुढे आहे, मग सांध्यांखाली कोरडा टिश्यू फिरवत जा, सापडते.

पंप चालूच राहतो पण शॉवर फुसफुसतो, असं असेल आणि टाकीत पाणी असेल तर टाकी ते पंप ही बाजू बघा. इथे गंमत अशी की पाणी बाहेर ठिबकत नाही, उलट हवा आत ओढली जाते, म्हणून कुणाला दिसतच नाही. बहुतेक वेळा गाळणीच्या झाकणाची ओ-रिंग किंवा पाइप आवळणारी क्लिप सैल निघते.

क्लिपा पूर्ण स्टेनलेसच्या घ्या, स्क्रूसकट, मुंबईत नागदेवी स्ट्रीटला मिळतात; साध्या क्लिपा आपल्या खाऱ्या हवेत गंजतात. प्लास्टिकच्या आट्यांना टेफ्लॉन टेप लावा पण पान्याने पिळू नका, तडा जातो.

शॉवरखाली सांडपाणी जमतं त्या डब्यातली जाळी केसांनी तुंबते, ती साफ करत जा. आणि माझगावला बोट सोडून घरी जाताना पंपाचा स्विच बंद, नाहीतर एक पाइप सुटला की अख्खी टाकी बोटीच्या तळात!